चार बोटं जास्त

कापडबाजाराच्या त्या गल्लीत कंजूष माणसासाठी तीन शब्द होते आणि तिन्ही एकाच माणसावर खर्च व्हायचे. तोंडावर बोलायचं असेल तर 'हिशेबी'. चार पावलं पुढे गेल्यावर 'चिंगूस'. आणि चहा घेताना, सगळे आपलेच बसलेले असले की अगदी चवीने 'कवडीचुंबक'. चिंगूस म्हणताना लोक हसत, कवडीचुंबक म्हणताना ओठ मुडपत. हिशेबी म्हणायला मात्र समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागायचं, म्हणून तो शब्द फारसा कुणी वापरत नसे.

हा माणूस म्हणजे दोन भावांच्या कापडदुकानातला थोरला. उंच, वाळका, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चेहरा असा की देवाने जणू कुणाला तरी नाही म्हणण्यासाठीच घडवला असावा. धाकटा त्याच्या अगदी उलट. गोल, हसरा, पायरीवर पाऊल वाजलं की "या, या" म्हणत अर्धा उठणारा. एक तुरटी आणि एक खडीसाखर, असं गल्ली म्हणायची. लांबून दोन्ही खडे सारखेच दिसतात, पण जिभेवर ठेवल्यावर कळतं, असंही वर म्हणायची.

गल्लीला जे माहीत नव्हतं ते असं, की तुरटीपणा हे थोरल्याचं काम होतं. वाटून घेतलेलं काम. जसं एकाने तागे उतरवायचे आणि दुसऱ्याने उलगडायचे, तसं.

दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. वडील नुकतेच गेले होते. गिऱ्हाईक यायचं, ढीगभर तागे उलगडायला लावायचं आणि "जरा फिरून येतो" म्हणून निघून जायचं. एकदा एका बाईंनी पडद्याचं कापड घेतलं आणि वर चार बोटं जास्त मागितली. थोरल्याने सरळ मनाने नाही म्हटलं. मोजलं तेवढं द्यायचं, यात वाईट काय, असं त्याला वाटलं. बाई तडक उठल्या. धाकटा मागोमाग पायरीपर्यंत गेला, हळू आवाजात म्हणाला की दादाचं मनावर घेऊ नका, या तुम्ही, मी देतो. बाई परत आल्या, चार बोटं जास्त घेऊन गेल्या आणि आठवड्याच्या आत शेजारणींना घेऊन आल्या. प्रत्येकीला त्या वाळक्या माणसाच्या हातून चार बोटं सोडवून न्यायची होती.

धाकट्याचं डोकं तिथे चाललं. दुकान बंद करताना म्हणाला, फुकट मिळालेलं माणूस विसरतो, भांडून मिळवलेलं घरोघर सांगतो. तू नाही म्हण, मी हो म्हणतो. चार बोटं आपण भावातच धरून ठेवू.

"आणि माझं नाव?" थोरल्याने विचारलं.

"ते काय, गिऱ्हाइकांपुरतं. आपल्या माणसांना मी सांगून ठेवतो ना. तुझ्या नावाची काळजी माझ्यावर सोड."

थोरल्याने सोडली. भावावर नाही विश्वास टाकायचा तर कुणावर टाकायचा?

मग तो खेळ असा काही रंगला की बघत राहावं. थोरला मीटरपट्टी टेबलावर आपटायचा, चष्मा वर सरकवायचा आणि म्हणायचा, "नाही परवडत." धाकटा म्हणायचा, "दादा, असू दे, माणसं जोडायची असतात." थोरला पुटपुटायचा, "बुडव, दुकान बुडव." आणि बोलता बोलता कात्री चार बोटं पुढे सरकवून कचकन कापडाला लावायचा. गिऱ्हाईक उठलंच, तर धाकटा पायरीपर्यंत जाऊन त्याला परत आणायचा. पायरीवरून परत आलेलं गिऱ्हाईक जन्माचं बांधलं जातं, हे धाकट्याचं म्हणणं खरंच होतं. दुकान चाललं. आधी भाड्याचं होतं ते स्वतःचं झालं, वरची मोठी खोलीही घेतली.

थोरला खरोखर काटकसरी होता, हे मान्य करायला हवं. त्याचा सदरा उरलेल्या तुकड्यांतून शिवलेला असायचा, पुढचा भाग एका ताग्याचा आणि पाठ भलत्याचीच. अंघोळीच्या साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पण त्याची आई म्हणायची, जो स्वतःला आखडतो तो काटकसरी आणि जो दुसऱ्याला आखडतो तो कंजूष, आणि सदरे दोघांचेही जुनेच, म्हणून लोक फसतात. बायकोने मात्र त्याला एकदा स्पष्ट सांगितलं होतं. अहो, नाव काय दुकानात कुलूप लावून ठेवता येतं? ते तुमच्या मागोमाग घरी चालत येतं. थोरला हसला होता. घरच्यांना ठाऊक आहे गं, धाकट्याने सांगितलंय सगळ्यांना.

नातेवाइकांत कार्य असलं आणि हा दारात दिसला की कुणीतरी म्हणायचंच, "दादा आले, आता वाढा जपून." सगळे हसायचे. थोरलाही हसायचा, सगळ्यांत मोठ्याने. आपलं सोंग यांना माहीत आहे आणि हे त्या सोंगाला दाद देताहेत, अशी त्याची समजूत होती. बिचारा! इतकी वर्षं स्वतःच्या बदनामीला टाळ्या देत होता.

या दोघांच्या मधली एक बहीण. थोरल्याची 'चिमी' आणि धाकट्याची 'ताई'; धाकटा दोघांचाही 'छोट्या'. आई आजारी असताना थोरल्यानेच तिच्या वेण्या घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या. तिचं लग्न झालं, मुलगी झाली. नव्या मोसमाचा माल आला की थोरला तिच्यासाठी पहिलं कापड कापायचा. मुलीच्या झबल्यांना मऊ, चादरीला जाड, पडद्याला रंग न जाणारं. पुडकं बांधून धाकट्याच्या हाती द्यायचा, कारण दुपारभर दुकान सोडून जाणं त्याला जमायचं नाही आणि धाकट्याला बाहेर पडायला कारणच हवं असायचं. देऊन आलास का? आलो. काय म्हणाली? खूश झाली. एवढ्यावर थोरल्याचं पोट भरायचं.

पुढे बहिणीच्या नवऱ्याचा छापखाना बंद पडला आणि त्याच सुमारास घरमालकाने जागा परत मागितली. मुलीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष. बहीण दुकानात आली ती ऐन गर्दीच्या वेळी. काउंटरपाशी दोन बायका चादरीवरून घासाघीस करत होत्या आणि थोरल्याने नुकतीच मीटरपट्टी आपटली होती. बहीण बाजूला उभी राहिली, बॅगचा पट्टा बोटाला गुंडाळत, आणि मग एका दमात म्हणाली की दादा, वरची खोली आम्हाला राहायला देशील का, पोरीचं शिक्षण संपेपर्यंत.

त्या दोन बायका ऐकत होत्या. थोरल्याच्या हातात पट्टी होती, चष्मा नाकावर होता, समोर कुणीतरी काहीतरी मागत होतं. जीभ आपली आपण चालली.

"वर माल असतो. माणसं राहिली तर माल कुठे ठेवायचा? नाही परवडत."

आणि तो थांबला. दरवेळी थांबायचा तसाच, कात्री हातात घेऊन, पुढचं वाक्य धाकट्याचं म्हणून. मनातून त्याला हसूही येत होतं. चिमीला ठाऊक आहे आपलं सोंग, आत्ता छोट्या म्हणेल, दादा, असू दे, आपली ताई आहे. मग आपण म्हणू, बुडव, दुकान बुडव. आणि किल्ली काढून देऊ.

धाकटा चादरीची घडी घालत होता. कोपऱ्याला कोपरा जुळवत होता. ती झाली, तशी त्याने दुसरी ओढली.

बहीण वळली. आता धाकटा उठला आणि तिच्या मागोमाग पायरीपर्यंत गेला, तेव्हा थोरल्याचा जीव भांड्यात पडला. हां, हे बरोबर. पायरीवरून परत आणतोय. धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, खाली वाकून काहीतरी सांगितलं. बहिणीने त्याच्या खांद्यावरून एकदा थोरल्याकडे पाहिलं आणि ती गेली. सामान आणायला गेली असणार, असं थोरल्याला वाटलं.

धाकट्याला त्याने विचारलं, काय म्हणाली? धाकटा म्हणाला, सांगितलं तिला मी. एवढंच.

त्या संध्याकाळपासून थोरला एकटा वरची खोली रिकामी करू लागला. गुडघे दुखत होते तरी तागे खांद्यावर टाकून जिना उतरायचा. कोळिष्टकं काढली, खिडकीचं गंजलेलं बिजागर तेल घालून सैल केलं, फरशी घासली. पिवळ्या बारीक पानांचं कापड काढून खिडकीला पडदा शिवून घेतला, खाली दुमडीला भरपूर कापड सोडून. धाकट्याने वर येऊन पाहिलं, कमरेवर हात ठेवून सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "बरं केलंस दादा, खोली मोकळी झाली." थोरल्याला भरून आलं.

बहीण आली नाही. आठवडा गेला, आणखी एक गेला. तिने दुसरीकडे बिऱ्हाड हलवल्याचं थोरल्याच्या बायकोला भाजी घेताना कुणाकडून तरी कळलं. थोरल्याने दुकान भर दुपारी धाकट्यावर सोडलं, खोलीची किल्ली खिशात घातली आणि पत्ता विचारत विचारत निघाला.

एका धोबीकामाच्या दुकानामागे एकच खोली होती. इस्त्रीच्या वाफेने एक भिंत कायम गरम. बहिणीने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. पाणी दिलं ते पाहुण्याला देतात तसं, तांब्याखाली ताटली ठेवून. थोरल्याने किल्ली पुढे केली आणि म्हणाला, कधीची साफ करून ठेवलीय खोली, तू आलीच नाहीस.

ती किल्लीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "छोट्याने पायरीवरच सांगितलं होतं, ताई, मी कितीही म्हटलं तरी दादापुढे माझं काही चालत नाही. तो पहिल्यापासून कवडीचुंबक, सख्ख्यांनाही सोडायचा नाही. तू दुसरीकडे बघ आणि पुन्हा विचारून स्वतःचा अपमान करून घेऊ नकोस."

गल्लीतला शब्द. तो थोरल्याच्या कानावर गल्लीत येता-जाता हजारदा पडला होता आणि कधी लागला नव्हता. भावाच्या नावाने आला तेव्हा लागला.

तो सांगू लागला. ते तसं नव्हतं गं, ते आमचं दुकानातलं ठरलेलं आहे, मी नाही म्हणायचं आणि त्याने हो म्हणायचं, तुला छोट्याने सांगितलं नव्हतं का? तिने मान हलवली. कुणीच काही सांगितलं नव्हतं. मग कार्यात सगळे हसायचे ते? ते तुलाच हसायचे दादा, ती म्हणाली, आणि तूही हसायचास याचं मला फार वाईट वाटायचं.

थोरल्याची नजर खिडकीवर गेली. तिथे निळा पडदा होता. आपण कापलेलं कापड तो झोपेतही ओळखेल, दुमडीला चार बोटं जास्त सोडायची सवय त्याचीच. खाटेवरची चादर त्याची. दोरीवर वाळत असलेला मुलीचा कुर्ता त्याचा. खोलीभर त्याचंच कापड होतं.

"हे मी पाठवलंय," तो म्हणाला.

"छोट्या आणून द्यायचा, दरवर्षी, तुझ्या चोरून. दादाला कळू देऊ नकोस, म्हणायचा." तिने पडद्याची कड बोटांत धरली. "कापलं असशील तूच. दुकानात कात्री तुझ्याच हातात असते."

आता काय बोलणार? खरं बोलावं तर भाऊ चोर ठरतो, गप्प राहावं तर आपण. थोरल्याने खरंच सांगितलं, सगळं, अगदी त्या पहिल्या पडदेवाल्या बाईंपासून. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की हे ऐकायला किती खोटं वाटतंय. कंजूष माणूस पकडला गेल्यावर असंच काहीतरी रचून सांगेल. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी शांतपणे म्हणाली, "समजा, खरं असेल. म्हणजे मी घर मागायला आले आणि तू माझ्याशी दुकान केलंस?"

थोरल्याने किल्ली पुन्हा पुढे सरकवली. किल्ली तिने घेतली नाही. तो जिना रोज चढताना मला तुझं ते 'नाही परवडत' ऐकू येईल, म्हणाली. दारापर्यंत सोडायला आली, तेही पाहुण्याला येतात तशीच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी थोरल्याने भावाला गाठलं. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, चढवला असता तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, का गप्प बसलास? धाकट्याने काउंटर पुसायचं फडकं झटकलं. नाही तूच म्हणालास दादा, मी तुझ्या तोंडात शब्द घातले नव्हते. मला वाटलं, या वेळी खरंच म्हणतोयस. आणि खरं सांगायचं तर खोलीची गरज आपल्यालाही होतीच. माझ्या पोराला तयार कपड्यांचं दालन टाकायचंय, कधीचं म्हणतोय तो.

म्हणजे गाडं तिथे अडलं होतं. थोरल्याला खोलीचं दुःख नव्हतं. सगळ्या जगात एकच माणूस असा होता ज्याला त्याच्या 'नाही'चा अर्थ माहीत होता, आणि नेमक्या त्या माणसाने तो माहीत नसल्याचं सोंग केलं. जग फसलं तर समजू शकतं. पण ज्याने सोंग चढवलं त्यानेच, हाच तुझा चेहरा म्हणावं?

वेगळं व्हावं, असं चार दिवस त्याच्या मनात घोळलं. बायको म्हणाली, व्हा. पण या वयात नवं दुकान मांडून तो गिऱ्हाइकाला काय सांगणार होता, आणि सांगितलं असतं तर ऐकणार कोण होतं? वरचं दालन झालं. पुतण्याने पिवळा पडदा काढून काचेचं कपाट लावलं आणि पडदा तुकड्यांच्या ढिगात येऊन पडला. थोरल्याने दुकानात एवढंच केलं की नाही म्हणायचं सोडून दिलं. बाईंनी चार बोटं मागितली की मुकाट्याने द्यायचा. त्याचा परिणाम भलताच झाला. बायका कापड उजेडात धरून बघू लागल्या. एवढ्या सहज देतोय म्हणजे मालात काहीतरी खोट असणार, कवडीचुंबक कधी सढळ झालाय का? दोघी-तिघींनी घेतलेलं कापड परत आणून दिलं.

एक दिवस बहीण आली. मुलीला नोकरी लागली होती, तिला कामावर घालायला कापड हवं होतं. आली ती थेट धाकट्यापाशी. धाकट्याने तोंड भरून स्वागत केलं, खुर्ची दिली, भाचीचं कौतुक केलं, पाच-सहा तागे उलगडले. तिने करडा रंग पसंत केला. मापाला तागा थोरल्याकडे आला.

थोरल्याने ठरवलं होतं, ती कधीतरी येईल तेव्हा कुणाच्या हाती काही पाठवायचं नाही, आपल्या हाताने, सगळ्यांदेखत द्यायचं. तिने सांगितलेलं माप त्याने मोजलं आणि पट्टी पुन्हा लावली. चार बोटांवर थांबला नाही, आणखी एक पूर्ण ड्रेस होईल इतकं कापड पुढे ओढलं. कात्री लावली. कुणी काही मागितलं नव्हतं, कुणी कुणाची समजूत घातली नव्हती. घडी घालून त्याने ती तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "दोन होतील. माझ्याकडून तिला."

बहिणीने घडी हातात घेऊन तोलून पाहिली. तिचा चेहरा क्षणभर सैल झाला. थोरला त्या चेहऱ्याकडे बघत होता, वेण्या घालून झाल्यावर आरसा धरून बघायचा तसा. मग ती वळली आणि धाकट्याकडे बघून हसली.

"तूच खूण केलीस ना रे त्याला?"

धाकट्याने एकदा थोरल्याकडे पाहिलं. नाही म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता. त्याच्या तोंडून तो शब्द इतक्या वर्षांत दुकानात कधी निघाला नव्हता, त्या दिवशीही निघाला नाही.

"असू दे गं ताई," तो म्हणाला, "आपली माणसं जोडायची असतात."

ती गेली. थोरल्याने कापडाचे धागे टेबलावरून हाताने झाडले, तागा गुंडाळून जागेवर ठेवला. पुढची बाई उशांच्या अभ्र्यांसाठी आली होती. तिने माप सांगितलं आणि सवयीने म्हणाली की चार बोटं जास्त टाका बरं का.

थोरल्याने चष्मा वर सरकवला.

"नाही परवडत."

"दादा, असू दे," मागून धाकट्याचं वाक्य आलं, जागच्या जागी, आनंदाने. जुना दादा परत आला म्हणून त्याला हायसं वाटलं असावं. थोरल्याने पट्टीच्या टोकाला अंगठा दाबून धरला, कात्री बरोबर मापाच्या रेघेवर लावली आणि कापड फाडलं. त्याने या वेळी ते खरंच म्हटलं होतं.